वरातीतला घोडा माळावर येतो तेव्हा

प्रश्न : आमच्या गावाबाहेरच्या माळावर महिनाभर एक पांढरा घोडा बेवारस फिरतो आहे. लग्नसराईत तो वरातीत दिसत असे. आता लंगडतो आणि त्याच्या बरगड्या मोजता येतात. काही मंडळी त्याला पाटीभर चंदी घालतात. अशा घोड्यांना सोडवून आणणाऱ्या संस्था नेमके काय करतात? गोशाळेप्रमाणे जन्मभर सांभाळतात का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : सर्वप्रथम ती पाटीभर चंदी थांबवावी. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम धान्य घातले, तर रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम यांचे प्रमाण झपाट्याने घसरते आणि पोट भरलेले असतानाच काही दिवसांत त्याचे हृदय बंद पडू शकते; शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळही जिवावर बेततो. म्हणून जाणत्या संस्थेत सुरुवातीला वाळलेला लसूणघास थोडा थोडा, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा, दिला जातो आणि सुमारे दहा दिवसांत तो वाढवत नेतात. अंगावर मांस चढायला पुढे काही महिने लागतात.

लंगडण्याचे मूळ पुष्कळदा खुरातच असते, कारण नाल तशीच राहते आणि खूर मात्र वाढत जातो. नालबंदाने जुनी नाल काढून सहा-आठ आठवड्यांनी खूर तासत राहावे लागते. गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे गोळे पडलेले दिसले, तर दाढांची टोके कानशीने घासून घ्यावी लागतात. नवा घोडा आधी वेगळा बांधतात आणि ग्लँडर्ससाठी त्याचे रक्त तपासतात. हा रोग माणसालाही होतो, तेव्हा त्याच्या नाकातून स्राव येत असल्यास हात लावू नये.

जन्मभर सांभाळण्याविषयी म्हणाल, तर घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो, त्यामुळे प्रत्येकाला ठेवून घेणारी पागा लवकरच भरून जाते. बरा झालेला घोडा पारखलेल्या घरी द्यावा, अगदीच थकलेल्याला ठेवून घ्यावे आणि ज्याच्या वेदना हटणार नाहीत त्याला पशुवैद्याकडून शांत मरण द्यावे, हा व्यवहार कठोर वाटला तरी मला तो प्रामाणिक वाटतो. पहिल्या महायुद्धानंतर इजिप्तमध्ये विकले गेलेले लष्करी घोडे डोरोथी ब्रूक या इंग्रज बाईंनी कैरोत विकत घेतले, तेव्हा त्यांतील बहुतेकांना असेच मरण देणे त्यांना भाग पडले. मात्र त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. 1934 साली त्यांनी तेथे राबत्या जनावरांसाठी मोफत दवाखाना उघडला, म्हणजे मालकाच्या दारी असतानाच जनावरावर उपचार व्हावेत. टांगेवाल्याला वेळेवर नालबंद आणि औषध मिळाले, तर पुष्कळ घोडे माळावर येणारच नाहीत.

जनावर वाऱ्यावर सोडणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, जरी पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये, म्हणजे कडब्याच्या दोन-चार पेंढ्यांइतकाच असला तरी. घोडा परस्पर घरी नेऊ नका, कारण उद्या मालक हक्क सांगत येईल. आधी पोलिसांत लेखी तक्रार देऊन पंचनामा करवून घ्या आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. तोवर त्याच्याजवळ स्वच्छ पाण्याची बादली मात्र भरलेली असू द्या.