ताळेबंदातील शेवटचा रकाना

प्रिय स्नेही,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा तांदळाचा दहा वर्षांचा प्रादेशिक अंदाज मी दोनदा वाचला. पेरा आणि हेक्टरी उतारा यांचा हिशेब चोख आहे, त्यावर मला विशेष सांगायचे नाही. माझी नजर अडखळली ती ताळेबंदातल्या अखेरच्या साठ्यावर, म्हणजे वर्षअखेरीस शिल्लक राहणाऱ्या तांदळावर. सुरुवातीचा साठा, उत्पादन आणि आयात यांच्या बेरजेतून खप व निर्यात वजा केल्यावर जे उरले, ते तू तिथे लिहिले आहेस. म्हणजेच बाकीच्या पाचही रकान्यांतल्या चुका तिथे येऊन साचल्या आहेत. सहाव्या वर्षी एका देशाचा साठा त्याच्या वर्षभराच्या खपाहून मोठा झाला आहे. एवढा तांदूळ कोणत्या गोदामांत मावणार आणि त्यात पैसा कोण अडकवून ठेवणार?

साठा असा फुगला की मी आधी एकके तपासतो. शंभर किलो भात भरडला की साधारण 65 ते 67 किलो तांदूळ हाती येतो, हे सर्वांना पाठ असते; तरीही उत्पादनाचा तक्ता भाताचा आणि व्यापाराचा तांदळाचा आहे, हे घाईत सुटते. सुरुवातीच्या काळात मी एका देशाचे भाताचे आकडे तसेच उचलले आणि आयातीवर जगणाऱ्या त्या देशाला कागदावर निर्यातदार करून टाकले. बैठकीत तिथल्याच एका अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, “मग आमच्या बंदरात तांदळाची जहाजे कशाला लागतात?” एकके जुळली, तर पीक वर्ष (एका हंगामाच्या कापणीपासून पुढच्या कापणीपर्यंतचे) आणि कॅलेंडर वर्ष यांची सरमिसळ झाली आहे का, तेही पाहा.

मागणीत तू दरडोई खप स्थिर धरला आहेस. जपानमध्ये 1962 साली तो वर्षाला सुमारे 118 किलो होता, आज त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. उत्पन्न वाढते तसा ताटातला तांदूळ कमी होऊ लागतो. मात्र प्रत्येक देश त्या वळणावर वेगवेगळ्या वेळी पोहोचतो.

खरी अडचण व्यापाराची आहे. जगातील तांदळापैकी जेमतेम दहावा हिस्सा सीमा ओलांडतो, त्यामुळे एखाद्या मोठ्या निर्यातदाराने हात आखडता घेतला, की बाजार हादरतो. 2007-08 मध्ये जागतिक पीक बुडाले नव्हते. तरी भारताने बिगर बासमती तांदळाची निर्यात रोखली, व्हिएतनामने निर्बंध घातले, फिलिपाइन्सने धास्तावून मोठी खरेदी सुरू केली आणि थाई तांदूळ टनाला 1000 डॉलरच्या आसपास पोहोचला. जुलै 2023 मध्ये भारताने बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात पुन्हा थांबवली, तेव्हा जागतिक तांदूळ व्यापारात भारताचा एकूण वाटा सुमारे 40 टक्के होता. असे निर्णय पावसाच्या आकड्यांतून निघत नाहीत. सरकारला देशांतर्गत भाववाढीची किती धास्ती आहे, यावर ते ठरतात. तुझ्या अंदाजात मात्र दहाही वर्षे सगळी दारे सताड उघडी आहेत.

तेव्हा एवढे कर. साठा उरलेल्या आकड्यावर सोडू नकोस. तो खपाच्या ठरावीक प्रमाणात बांध आणि तफावत भावाला सोसू दे, म्हणजे मागणी आणि पुरवठा यांतला फरक भावाच्या चढउतारातून भरून निघू दे. मग एकदा निर्यात खुली धरून आणि एकदा बंद धरून सहावे वर्ष नव्याने मांड. दुसऱ्या मांडणीत आयातदार देश कोणाकडे वळतात आणि किती भाव मोजतात, तो तक्ता मला आधी पाठव.

तुझा शुभचिंतक