संकरित ज्वारीचे घरचे बियाणे पुढच्या वर्षी का बिघडते?

प्रश्न : गेल्या खरिपात संकरित ज्वारी उत्तम आली, म्हणून तिची भरदार कणसे निवडून बियाणे ठेवले. यंदा त्याच बियाण्याची ताटे कुठे उंच, कुठे ठेंगणी झाली आणि काही कणसांत दाणे विरळ भरले. माझ्या सासुरवाडीला मालदांडीचे बियाणे मात्र वर्षानुवर्षे घरचेच वापरतात. माझी निवड चुकली का?
— एक वाचक, जि. हिंगोली

उत्तर : आपली निवड चुकली नाही, त्या शेतात निवडण्याजोगे काही नव्हतेच. संकरित बियाणे दोन शुद्ध वाणांच्या संकरातून तयार होते आणि त्याच्या पहिल्या पिढीतील प्रत्येक झाडाकडे जनुकांचा एकच संच असतो. त्यामुळे एखादे कणीस शेजारच्या कणसापेक्षा भरदार दिसले, तर तो फरक जमिनीचा, ओलाव्याचा किंवा मोकळ्या जागेचा असतो, आनुवंशिक नव्हे.

या पहिल्या पिढीत, जिथे आईबाप वेगळे होते, तिथे प्रत्येक जनुकाची दोन भिन्न रूपे एकत्र नांदतात आणि एका रूपाचा कमकुवतपणा दुसऱ्यामुळे झाकला जातो. पिकाचा जोम बऱ्याच अंशी यातून येतो. त्या पिकाचे दाणे पेरले की रूपे पुन्हा वाटली जातात. स्वपरागीकरण झाले, तर अशा भिन्न जोड्यांचे प्रमाण दुसऱ्या पिढीत निम्मे उरते आणि तिसऱ्या पिढीत पाव. ज्वारीत ठेंगणेपणा ठरवणारी चार मुख्य जनुके आहेत. आईबापांत त्यांची रूपे वेगळी असली, तर दुसऱ्या पिढीत उंच आणि बुटकी ताटे एकाच वाफ्यात दिसतात.

दाणे विरळ भरण्याचे एक कारण याहून खास आहे. ज्वारीचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळते, म्हणून संकरासाठी मादी वाण नरवंध्य, म्हणजे स्वतःचा कामाचा पराग न देणारा, असावा लागतो. असे नरवंध्यत्व १९५४ साली अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी दाखवून दिले आणि त्याच आधारावर आपल्याकडे १९६४ साली ‘सीएसएच-१’ हा पहिला संकरित वाण आला. नर वाणाचे एक जनुक संकरित झाडाची परागक्षमता परत आणते. पण पुढच्या पिढीत ते जनुक सर्वांना मिळत नाही. एकाच जनुकाचा प्रश्न असेल, तर सुमारे चौथा हिस्सा झाडे पुन्हा नरवंध्य निघतात. फुलोऱ्यात सकाळी अशा कणसावर टिचकी मारून पाहावी : त्याचे परागकोश बारीक आणि फिकट असतात व पिवळी धूळ उडत नाही. शेजारचा पराग वेळेवर मिळाला तर दाणे भरतात. फुलोऱ्यात पावसाची झड लागली तर कणीस रिकामे राहते.

मालदांडीची गोष्ट वेगळी आहे. ‘एम ३५-१’ हा वाण स्थानिक मालदांडीतून मोहोळ येथे निवडलेला सरळ वाण आहे. त्याच्या जनुकांच्या जोड्या जवळजवळ एकसारख्या झालेल्या असल्याने दाणा आईसारखेच झाड देतो. तरीही ज्वारीत थोडे परपरागीकरण होतेच, म्हणून बियाण्याचा प्लॉट इतर ज्वारीपासून शंभर ते दोनशे मीटर दूर ठेवावा आणि वेगळी दिसणारी ताटे फुलोऱ्याआधीच उपटावीत.

यंदाच्या पिकातून एकेक चांगले ताट निवडून, कणसाला पिशवी बांधून, प्रत्येकाचे बी वेगळे पेरत गेल्यास सातव्या पिढीपर्यंत भिन्न जोड्या सुमारे दीड टक्क्यावर येतात आणि नवा सरळ वाण मिळू शकतो. मात्र ते कष्टाचे काम आहे आणि त्यात पहिल्या पिढीचा जोम टिकेलच असे नाही. नुसते उत्पादन हवे असेल, तर संकरित बियाणे दरवर्षी नवेच घ्यावे.