‘फँटसी नोट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : आमच्या नाणी-नोटा संग्राहक मंडळाने वर्धापनदिनानिमित्त ‘पन्नास होन’ अशी नोट छापली. ती चलनात अर्थातच नाही; अशा नोटेला इंग्रजीत ‘फँटसी नोट’ म्हणतात. मराठीत तिला बनावट म्हणावे, नकली, काल्पनिक की स्मारक? (एक वाचक, निपाणी)

‘बनावट’ मुळीच नको. त्या शब्दासरशी फसवणूक आली, पंचनामा आला. ‘नकली’ही जमत नाही, कारण नकलेला आधी अस्सल लागते. होन हे सोन्याचे नाणे. शब्दच कानडी ‘होन्नु’, म्हणजे सोने, यावरून आलेला. कागदी होन आज कुठेच चलनात नाही, मग नक्कल कशाची? बेळगाव भागातल्या मंडळाने नेमका होन निवडला, हे मला फार आवडले.

‘स्मारक नोट’ हा चांगला शब्द आहे, पण त्याची जागा वेगळी. गांधी जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली निघालेल्या नोटा स्मारकही होत्या आणि बाजारात चालतही होत्या. तो शब्द त्यांच्यासाठीच राखून ठेवावा.

इंग्रजी शब्द जसाच्या तसा घ्यावा, तर ‘फँटसी’ची घाईत ‘फॅन्सी’ होते. आणि ‘फॅन्सी नोट’ संग्राहकांत आधीच रुळलेली आहे : ७८६ किंवा सगळे आकडे सारखे असलेल्या क्रमांकाची, अगदी खरी नोट. घोटाळा ठरलेलाच.

राहिला ‘काल्पनिक’. काल्पनिक वस्तू मनातच असते. ही तर हातात आहे, पाकिटात जपलेली आहे. म्हणून लिहिताना मी ‘कल्पित नोट’ म्हणेन : कुणीतरी विचार करून रचलेली. मंडळाच्या सूचीत ‘स्मरणार्थ कल्पित नोट’ शोभेल. बोलताना मात्र ‘हौसेची नोट’. ती कशासाठी निघाली, हे त्यात आपोआप आले.

नोटेवरच्या मजकुराबद्दलही सांगतो. ‘धारकास अदा करण्याचे वचन’ छापू नका. ते वचन रिझर्व्ह बँकेचे. (एक रुपयाची नोट केंद्र सरकार काढते, म्हणून तिच्यावर ते नसते.) चलनी नोटेशी फसगत होण्याइतके साम्य असलेला कागद छापणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली गुन्हा आहे. तेव्हा ‘चलनासाठी नाही’ हे मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही बाजूंना ठळक येऊ द्या.