सामायिक मुलखाचा धुरा: कल्पित नकाशांविषयी वाचकांचे प्रश्न

यावेळच्या टपालात कल्पित नकाशांविषयी बरीच पत्रं आली. ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अनेकजण मिळून जगात नसलेला देश रचतात आणि तो ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून काढलेल्या खुल्या जगनकाशाच्याच साधनांनी, म्हणजे बिंदू, रेषा, संबंध (अनेक रेषा-बिंदूंची एकत्र मोळी) आणि टॅग (वस्तू काय आहे ते सांगणारी चिठ्ठी) वापरून काढतात. ओपनजिओफिक्शन हे अशा कामाचं सर्वांत ओळखीचं ठिकाण. काही प्रदेश एकेकट्याच्या नावावर असतात, काही सगळ्यांचे. भांडणं अर्थातच दुसऱ्या प्रकारात होतात.

प्रश्न : आम्ही नऊजण मिळून चार वर्षांपासून 'मोहदरा' नावाचा एक प्रांत काढतो आहोत. त्यातले पाच आता गप्प आहेत. दोन शहरं अर्धवट, रेल्वे कुठेच पोचत नाही. एकजण म्हणतो, सगळं पुसा. दोघं म्हणतात, वाटणी करा. चौथा म्हणून राहिला, नव्या पोरांना देऊन टाका. ठरवायचं कसं? (धरमपेठ, नागपूर)

मत घेण्याआधी मोजणी करा. तुमच्याकडे काय आहे हे चौघांपैकी कोणालाच नीट ठाऊक नसावं, असं पत्रावरून वाटतं.

आधी प्रत काढून ठेवा. जोसम या नकाशा संपादनाच्या प्रोग्राममध्ये प्रदेश उतरवून घेताना लक्षात असू द्या, की ओपनस्ट्रीटमॅपच्या नेहमीच्या मांडणीत सर्व्हर एका मागणीला ०.२५ चौरस अंश आणि ५०,००० बिंदू यापेक्षा जास्त देत नाही. नागपूरच्या अक्षांशावर ०.२५ चौरस अंश म्हणजे साधारण २,९०० चौ.किमी. आपला नागपूर जिल्हा ९,८९२ चौ.किमी.चा आहे, तेव्हा तेवढ्या प्रांताला किमान चार तुकडे लागतील. तुकड्यांनी उतरवलं की मोठे संबंध (प्रांताची हद्द, लांब नदी, जंगल) अर्धवट येतात. संबंधाच्या खिडकीतून राहिलेले घटक मागवून घ्या आणि मगच फाइल तारीख टाकून जपून ठेवा. हे न करता कोणी 'दुरुस्ती' म्हणून फाइल परत चढवली, की हद्दीला भगदाड पडतं.

आता कोणाचं किती काम आहे ते पाहा. जोसमच्या शोधात सदस्याचं नाव किंवा तारखांची मर्यादा टाकली की त्याच्या नावावरच्या वस्तू निवडल्या जातात. पण इथे बहुतेक गट फसतात. वस्तूवर दिसणारं नाव शेवटी हात लावणाऱ्याचं असतं, काढणाऱ्याचं नव्हे. एखाद्याने बसल्या बसल्या तीनशे रस्त्यांचा टॅग बदलला, की ते तीनशेही रस्ते त्याच्या नावावर दिसतात. म्हणून वाद असलेल्या वस्तूंचा इतिहास उघडून पहिली आवृत्ती बघा. सातबाऱ्यावर शेवटचा फेरफार तेवढा वाचून जमिनीचा मालक कोणी ठरवत नाही.

मतदानाचे नियम हे आकडे बघण्याआधी लिहून काढा. मत कोणाला, किती दिवसांत, किती मतांनी, हे तिन्ही आधीच ठरलेलं हवं. आमच्या मते गेल्या सहा महिन्यांत प्रदेशात काम केलेल्या प्रत्येकाला मत असावं. गप्प बसलेल्यांना २१ दिवसांची नोटीस द्या. त्यात ज्याचं उत्तर येईल त्यालाही मत, ज्याचं येणार नाही त्याचं मत गेलं, पण काम राहिलं. जो निर्णय सहज मागे घेता येतो (कोणाला काही महिने राखणीला देणं) त्याला साधं बहुमत पुरे. वाटणी किंवा पुसणं यांना दोन तृतीयांश लागावेत. तुम्ही चौघं आणि उत्तर देणारा एखादा गप्प सदस्य असे पाचजण धरले, तर चार मतं लागतील. तेवढी पडली नाहीत, तर सहा महिने जैसे थे. दिवाळीच्या सुट्टीत मतदान ठेवू नका. अर्धे लोक गावी असतात आणि मग 'आम्हाला विचारलंच नाही' हे वर्षभर ऐकावं लागतं.

आता पर्यायांकडे येऊ. सगळं पुसण्याला आमचा विरोध आहे. निघून गेलेल्यांवर राग असतो हे समजतं, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'घेऊन जा गे मारबत' म्हणत मारबतीचा पुतळा नेतात, तसं त्यांचं कामही वेशीबाहेर नेऊ नका. कारण व्यावहारिक आहे. शेजारच्या प्रांतांचे बिंदू तुमच्या रेषांत गुंतलेले असतात, त्यामुळे पुसताना त्यांचे रस्ते तुटतात. रिव्हर्टर प्लगइनने पुसलेलं परत आणता येतं खरं, पण मधल्या काळात त्या जागी नवं काही काढलेलं असेल तर प्रत्येक ठिकाणी संघर्षाची (जुनं ठेवायचं की नवं, हे विचारणारी) खिडकी उघडते. पुसायचंच तर ज्या रेषेवर एकही टॅग नाही, जो रस्ता कुठेच जोडलेला नाही, तेवढंच पुसा.

वाटणी दिसायला सोपी असते. हद्दीची रेषा काढायला दहा मिनिटं पुरतात, त्यानंतरचं निस्तरायला महिने जातात. 'मी काढलं ते माझं' या तत्त्वाने वाटलंत, तर एकाकडे शहर आणि दुसऱ्याकडे त्या शहराचं धरण जाईल. वाटणी करायचीच झाली, तर पाणलोटावर करा. डोंगरधारेने हद्द गेली की नदी उगमापासून संगमापर्यंत एकाच हाती राहते आणि धुऱ्याला, म्हणजे हद्दीच्या बांधाला, छेदणारे रस्तेही घाटांपुरते, मोजकेच उरतात. हद्द ही एकच रेषा हवी आणि ती दोन्ही प्रांतांच्या संबंधांत 'आउटर' (बाहेरची कड) म्हणून असावी. दोघांनी शेजारी शेजारी आपापल्या रेषा काढल्या की मध्ये कोणाचीच नसलेली पट्टी उरते. रेषेत २,००० पेक्षा जास्त बिंदू चालत नाहीत. आम्ही तर पाचशेच्या आसपास तोडायला सांगू, म्हणजे दुरुस्ती एका तुकड्यापुरती राहते. हद्द रस्त्याला चिकटवू नका, नाहीतर कोणी रस्त्याचं वळण सुधारेल आणि एक गाव परप्रांतात जाईल. चढवताना सगळ्यांनी ४८ तास काम थांबवावं. एका बदलसंचात, म्हणजे एकत्र चढवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात, १०,००० बदलांची मर्यादा असते, तेव्हा आधी हद्द चढवा, मग बाकीचं.

रेल्वेचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) वाटणीपूर्वीच ठरवा. इतवारी-नागभीड ही छोटी लाइन ७६२ मिमी.ची होती आणि देशातली ब्रॉडगेज १,६७६ मिमी.ची आहे. हद्दीच्या दोन बाजूंना दोन गेज आले, तर गाडी पुढे जात नाही. तिथे माल उतरवून चढवायचं स्टेशन, शेड, दोन्ही मापांचं यार्ड आणि त्याच्या आधाराने वाढलेली वस्ती काढावी लागते. हे मुद्दाम केलं तर नकाशा छान दिसतो, नकळत झालं तर नुसती चूक.

आमचं मत चौथ्याच्या बाजूने आहे, पण 'देऊन टाका' असं नाही. प्रांत सगळ्यांचाच राहू द्या आणि नव्यांना तालुक्याएवढा भाग सहा महिन्यांच्या राखणीला द्या. नागपूर जिल्ह्यात १४ तालुके आहेत, म्हणजे सरासरी सातशे चौ.किमी. नवख्याला एवढं झेपतं. मुख्य रस्ते, रेल्वे, मोठ्या नद्या आणि हद्द यांना मात्र राखणदाराने चर्चेशिवाय हात लावू नये.

प्रश्न : सोडून गेलेल्या सदस्याचं शहर चाळीस किमी. लांब, तीस किमी. रुंद आहे. सगळे चौकोनी ब्लॉक. ठेवावं की कापावं? (वर्धा)

आधी तुलना करा. नागपूर महापालिकेचं क्षेत्र सव्वादोनशे चौ.किमी.च्या आसपास आहे आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या चोवीस लाख होती. तुमचं शहर १,२०० चौ.किमी.चं, म्हणजे पाच नागपूरं. त्याच दाटीने धरलं तर सव्वा कोटीहून जास्त माणसं झाली. त्यांना पाणी आणि धान्य पुरवणारा मुलूख तुमच्या प्रांतात आहे का?

अशी चूक बरेचदा डोळ्यांची असते. पडद्यावरचा नकाशा मर्केटर प्रक्षेपणात असतो, त्यात विषुववृत्तापासून दूर जावं तसं सगळं फुगून दिसतं. २१ अंशांवर लांबी जेमतेम सात टक्के फुगते, ४५ अंशांवर एकेचाळीस टक्के, ६० अंशांवर दुप्पट, आणि क्षेत्रफळ तर चौपट. नागपूरकडे बघून सवय झालेल्या माणसाने वर उत्तरेकडे शहर काढलं, तर ते खऱ्या मापात लहान भरणारच. तुम्ही अक्षांश लिहिलेला नाही, पण इथे तर शहर मोठं झालंय. म्हणजे त्या सदस्याने एका ब्लॉकचं माप मनाने धरलं आणि तोच ब्लॉक शेकडो वेळा चिकटवला असावा. जोसमच्या मोजपट्टीने दहा ब्लॉक मोजा. बाजू तीनशे-चारशे मीटर भरली, तर ते ब्लॉक नाहीत, मोहल्ले आहेत.

सगळं कापायची गरज नाही. मधला सात-आठ किमी.चा भाग शहर म्हणून ठेवा. त्यातही जुना गाभा वेगळा हवा, कारण नागपुरातल्या महाल या जुन्या भागाच्या गल्ल्या आणि सिव्हिल लाइन्सचे बंगले एका पट्टीने आखलेले नसतात. बाहेरचे मोठे रस्ते राहू द्या, पण त्यांचा दर्जा उतरवून ते गावांना जोडणारे करा. मधले ब्लॉक काढून शेती, नाले, तलाव येऊ द्या. चौकोनांच्या काही खुणा राहिल्या तर 'फसलेली नगरयोजना' म्हणून त्या शोभतीलच.

प्रश्न : दोन प्रांत एक केले. एका राजधानीचं आता काय करायचं? (सदर, नागपूर)

हा प्रश्न नागपूरकरांनी आम्हाला विचारावा! १९५६ पर्यंत हे शहर तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मग विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. विधानभवन उभंच राहिलं, हिवाळी अधिवेशन इथे भरतं, उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे आहे. छिंदवाडा, जबलपूर, रायपूरकडे जाणारे रस्ते आणि रूळ राज्याची रेघ बदलली म्हणून वळले नाहीत.

नकाशातही तेच करा. राजधानीचा टॅग काढा, इमारती ठेवा. सचिवालयाला नवा उपयोग द्या. जुन्या हद्दीवरचे नाके, जोडगावं, हद्दीपाशी अचानक अरुंद होणारा रस्ता, हे सगळं राहू द्या. विलीनीकरण झालं की लोक उत्साहाने सांधा घासून गुळगुळीत करतात आणि नकाशातला वाचण्यासारखा भाग नेमका तिथेच जातो.

प्रश्न : वाटणी चढवल्यावर अर्धा प्रांत निळा झाला. (कामठी)

किनारा बिघडला आहे. किनाऱ्याची रेषा ज्या दिशेने काढली त्या दिशेने पाहता जमीन डावीकडे आणि पाणी उजवीकडे हवं. एखादा तुकडा उलटा असेल किंवा दोन टोकांमध्ये फट असेल, तर समुद्र आत शिरतो. जोसमचा व्हॅलिडेटर (चुका शोधणारं साधन) चालवा, उलटा तुकडा निवडून दिशा फिरवा. किनाऱ्यावर वेगळी प्रक्रिया होते, म्हणून दुरुस्ती लगेच दिसणार नाही. या काळात घाबरून दुसरं काही बदलू नका.

प्रश्न : जुन्या सदस्याने दिलेली गावांची नावं प्रदेशाला शोभत नाहीत. बदलू का? (भंडारा)

गावाचं नाव जमिनीशी जुळतं का, ते बघा. नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्वेकडच्या कडेवर आहे. पश्चिमेला काळी माती आणि कापूस, पूर्वेला जुना खडक, धान आणि मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातले) तलाव. म्हणून तुमच्या भागात नावामागे 'बोडी' (छोटा तलाव) किंवा 'टोला' (वस्ती) सहज येतो. तलाव नसलेल्या कपाशीच्या पट्ट्यात दहा 'बोडी' असतील तर खटकेल. तेवढी बदला, जुनं नाव 'ओल्ड नेम' टॅगमध्ये ठेवा. नुसती आवडत नाहीत म्हणून बदलू नका. परकी वाटणारी चार नावं कुठल्याही खऱ्या प्रदेशात असतातच.

प्रश्न : शाळेत इंटरनेट नाही. सहा मुलांना मिळून कागदावर असा मुलूख काढता येईल का? (हिंगणघाट)

येईल. १:५०,००० हे माप घ्या, म्हणजे १ सेंमी.ला अर्धा किमी. १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांशाचं नकाशाचं पत्रक आपल्याकडे साधारण ५५ बाय ५२ सेंमी. भरतं. एवढ्या कागदावर २ सेंमी.ची जाळी आखा. एक घर म्हणजे एक चौ.किमी. प्रत्येकाला एक पत्रक द्या, पण कडेला २ सेंमी. जास्तीची पट्टी ठेवा आणि ती शेजाऱ्याच्या ट्रेसिंग कागदावरून उतरवून घ्या.

नदी किंवा रस्ता काढण्याआधी सहाही जणांनी चार-पाच ठळक बिंदू (शिखर, संगम, देऊळ) एकत्र बसून ठरवावेत आणि ते मोजून पत्रकांवर लावावेत. देशाची त्रिकोणमितीय मोजणीही अशीच आधी बिंदू, मग तपशील या क्रमाने झाली. ती मोजणी चालवणारे लॅम्बटन नागपूरकडे येताना १८२३ मध्ये तुमच्याच गावी वारले, हे मुलांना सांगा. सीमेवरचं काही बदलायचं असेल तर दोन्ही पत्रकं शेजारी ठेवून, दोघांच्या समोरच खोडरबर उचलायचा. आणि पहिला महिनाभर पेन्सिल २एच वापरा, पेन नको.