बाइकचे टूरिंग टायर, म्हणजे लांबच्या प्रवासासाठी बनवलेले, नक्की किती किलोमीटर चालतात? एक मित्र म्हणतो ८,०००, दुसरा म्हणतो २०,०००. खरं कोण बोलतंय?

दोघंही. माझ्या एकाच बाइकवर मागचा टायर एकदा ९,००० ला संपला आणि पुढच्या वेळी त्याच मेकचा, त्याच साइजचा टायर १५,००० च्या वर गेला. चालवणारा मीच. फरक एवढाच, की पहिल्या वेळी मी हवा अंगठ्याने दाबून 'ठीक आहे' म्हणायचो, आणि मागे भरलेल्या दोन पेट्या असायच्या.

हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेरीला वाकतात, आतून उष्णता धरतात आणि तापलेलं रबर भराभर घासलं जातं. मोठ्या टूरिंग बाइकना साधारण पुढे ३६, मागे ४२ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) असा आकडा दिसतो, पण तुमच्या बाइकच्या पुस्तिकेत जो असेल तोच धरा. मोजायची ती गाडी काढण्याआधी, टायर थंड असताना. थोडं अंतर चाललात की आकडा चढतो आणि कमी हवासुद्धा बरोबर वाटायला लागते.

आता खरी गोम. टूरिंगचा मागचा टायर नक्षी संपून मरण्याआधी आकार बिघडून मरतो. बऱ्याच टूरिंग टायरमध्ये मधला पट्टा टणक रबराचा आणि कडा मऊ रबराच्या असतात, म्हणजे सरळ रस्त्यावर आयुष्य मिळावं आणि वळणात पकड. तरीही शेकडो किलोमीटर सरळ गेलात की मधला भाग सपाट होतो आणि कडा नव्यासारख्या राहतात. गोल टायर चौकोनी होतो. मग वळणात बाइक आधी आढेवेढे घेते आणि पुढे एकदम पडल्यासारखी झुकते. हे इतकं हळूहळू होतं की कळतच नाही. मी दोन महिने सस्पेन्शनला दोष देत त्याचे स्क्रू फिरवत बसलो होतो. नवा टायर टाकला आणि दुखणं तिथेच संपलं.

पुढचा टायर सहसा जास्त टिकतो, कारण इंजिनाचा जोर त्याच्यावर येत नाही. पण ब्रेकमुळे त्याच्या नक्षीचे ठोकळे तिरके झिजतात. तळहात एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागलं, तर वेग कमी करताना हँडल का थरथरतं ते समजेल.

पावसात हे टायर मला स्पोर्ट टायरपेक्षा (वेगवान चालवण्यासाठीचे टायर) जास्त भरवशाचे वाटतात. त्यांच्या रबरात सिलिका असते, त्यामुळे ते न तापताही ओल्यात पकड धरतात. मात्र खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर फेकायला जागाच उरत नाही. खाचांच्या तळाशी झिजेची खूण म्हणून छोटे उंचवटे असतात, बहुतेक बाइक टायरवर ०.८ मिलिमीटरचे. टायर तिथपर्यंत गोटा होईस्तोवर मी थांबत नाही. पावसाळी दौरा असेल तर २ मिलिमीटरलाच बदलतो. (नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर निसरडा असतो, तेवढं सांभाळा.)

बाइक वर्षात फारशी निघत नसेल तर किलोमीटर सोडा, तारीख बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. मिशलिन या टायर कंपनीचा सल्ला असा, की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनी नक्षी कितीही शिल्लक असली तरी काढून टाका.

आकडाच हवा असेल तर मी मागच्यासाठी १०,००० ते १५,००० धरतो, पुढच्यासाठी थोडे जास्त. दणकट इंजिन, जड सामान आणि खरखरीत खडीचा रस्ता असेल तर त्यातून वजा करा. आणि ८,००० वाल्या मित्राशी वाद घालण्याआधी त्याच्या टायरची हवा मोजा.