आजोबांच्या पेटीत 'वेंगर' लिहिलेला लाल स्विस चाकू सापडला. मित्र म्हणतो डुप्लिकेट आहे. खरंच का? आणि विकला तर किती येतील?

डुप्लिकेट नाही. वेंगर आणि व्हिक्टोरिनॉक्स, दोन्ही स्विस चाकूंच्या खऱ्या कंपन्या. तुम्ही लिहिलंय की मित्र म्हणाला "खरा स्विस चाकू म्हणजे फक्त व्हिक्टोरिनॉक्स, बाकी सगळा चोरबाजारचा माल." त्या मित्राला माझा नमस्कार सांगा. असाच एक माणूस आमच्याही घरात आहे, माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, आणि त्यांच्या या एका वाक्यापायी मी माझ्या काकाचा चाकू घालवून बसलोय. त्यामुळे किमतीचं नंतर बघू, आधी हे ऐका.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. चौथी पिढी. आमच्याकडे चाकूला चप्पू म्हणतात, गुजरातीतून आलंय, पण घरात आजीपासून सगळे चप्पूच म्हणायचे. भाऊजी ठाण्याचे. लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा मी म्हटलं "चप्पू द्या जरा", तर ते इतके हसले, म्हणे "चप्पू म्हणजे होडीचं वल्हं, आंबा काय वल्ह्याने कापणार का?" तेव्हापासून आमचं जरा असंच आहे.

तर काकाचा चप्पू. काका फिटर होता, त्याच्या कारखान्यात १९७४ साली मशीन बसवायला एक स्विस माणूस आला होता, महिनाभर होता. जाताना त्याने काकाला खिशातला चाकू काढून दिला. नवा नाही, स्वतःचा वापरलेला. काकाने तो वीस वर्षं जानव्याला बांधून वापरला, म्हणजे जुनी माणसं किल्ली बांधायची तसा. आंघोळीलाही काढायचा नाही. एका बाजूच्या लाल पट्टीचा कोपरा उडाला होता तिथे अरल्डाइट भरलेलं, ते पिवळं पडून तुपाचा थेंब सांडल्यासारखं दिसायचं. मोठ्या पात्याच्या बुडाशी बारीक अक्षरात कोरलेलं होतं 'वेंगरिनॉक्स'.

आणि त्याची कात्री! तुमच्या चाकूत कात्री असेल तर आत्ता उघडून उजेडात धरा. पात्याला बारीक दाते दिसतील. व्हिक्टोरिनॉक्सची कात्री गुळगुळीत असते, सरळ कापते, कागदाला उत्तम, पण दोरा जरा निसरडा असला की पुढे सरकतो. वेंगरची दातेरी कात्री धरते आणि मग कापते. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, काका गच्चीवर एका कोपऱ्यात पतंगांचे किन्ने बांधत बसायचा (तुमच्याकडे कण्णी म्हणत असतील), पन्नास-साठ पतंग एका बैठकीत, आणि प्रत्येक गाठीनंतर कट् असा एक आवाज. मांजा काचेचा, बोटाला चिकटपट्टी, समोर तिळाची चिक्की आणि बोरं, आणि तो कट् कट्. शिवाय व्हिक्टोरिनॉक्सच्या कात्रीत एक केसासारखी वेगळी स्प्रिंग असते, ती तुटते, मग नवी मागवा. वेंगरमध्ये ती भानगडच नाही, चाकूच्या पाठीची जी पट्टी असते तिच्यावरच कात्री रेटते आणि उघडते. मी वापरलेली एकही वेंगर कात्री आजवर ढिली पडलेली नाही.

काका गेला, काकूने चप्पू मला दिला. १९९६ च्या दिवाळीत भाऊजी आले. फराळ झाला, मी कौतुकाने दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पातं वाचलं आणि म्हणाले, "वेंगरिनॉक्स? अरे वेड्या, व्हिक्टोरिनॉक्सचं नाव अर्धं चोरलंय. आदिदासच्या नावावर 'अबिदास' बूट असतात तसं." सगळे हसले. मी पण हसलो, काय करणार. खरं सांगतो, बघितलं तर नाव तसंच वाटतं. तेव्हा गुगल नव्हतं, आणि भाऊजी दोनदा सिंगापूरला जाऊन आलेले, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे वरचं कोर्ट.

दुसऱ्या दिवशी न्यायमंदिराजवळ खरेदीला गेलो तर पदपथावर एक जण गॉगल, लायटर, चाकू घेऊन बसलेला. भाऊजींनी स्वतः निवडून एक जाडजूड लाल चाकू काढला, भिंग, करवत, माशाची खवलं काढायचं पातं, सगळं. ढालीच्या आत क्रॉस. "हे बघ, याला म्हणतात ओरिजिनल." तो माणूस अडीचशे म्हणाला, घासाघीस झाली, आणि शेवटी ठरलं की माझा जुना चप्पू अधिक दीडशे रुपये. मी जानव्याची गाठ असलेला तो दोरा सोडवून खिशात ठेवला आणि चप्पू देऊन टाकला. त्या माणसाने कात्री दोनदा उघडमीट करून बघितली, आणि माझ्याकडे न बघता शर्टाच्या वरच्या खिशात टाकला. बाकीच्या मालात ठेवला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

उत्तरायणापर्यंत ढालीतला क्रॉस घामाने पुसला गेला, कारण तो रंग होता. खऱ्यात ते चिन्ह धातूचं, पट्टीत बसवलेलं असतं (अगदी छोट्या मॉडेलवर छापील असतं, ते वेगळं). कात्री तिसऱ्या पतंगाला गेली. बूच काढायचा स्क्रू एकदा बाटलीत घातला तर सरळ होऊन बाहेर आला. म्हणजे मी खरा स्विस चाकू आणि वर दीडशे रुपये देऊन डुप्लिकेट घेतला, तोही डुप्लिकेटच्या भीतीने. भाऊजींना फोन केला तर म्हणे "तू नीट वापरला नसशील."

पुढे सात-आठ वर्षांनी सायबर कॅफेत बसून शोधलं तेव्हा कळलं. मित्राला हे वाचून दाखवा. कार्ल एल्सनरच्या कंपनीने, म्हणजे पुढच्या व्हिक्टोरिनॉक्सने, १८९१ मध्ये स्विस लष्कराला चाकू द्यायला सुरुवात केली, हे श्वीत्स परगण्यातलं इबाख गाव, जर्मन बोलणारा भाग. कार्लची आई व्हिक्टोरिया १९०९ मध्ये वारली, तिच्या नावावरून व्हिक्टोरिया, आणि १९२१ मध्ये पोलाद स्टेनलेस झालं तेव्हा फ्रेंचमधल्या स्टेनलेसच्या शब्दातला 'इनॉक्स' जोडला, झालं व्हिक्टोरिनॉक्स. म्हणजे 'इनॉक्स' ही कुणाच्या बापाची इस्टेट नाही, वेंगरनेही तेच शेपूट लावलं. वेंगर तिकडे फ्रेंच बोलणाऱ्या जुरा भागात, देलेमाँला, कंपनीचा इतिहास १८९३ पासूनचा. दोन भागांत कुरबूर नको म्हणून १९०८ पासून लष्कराने ऑर्डर दोघांत वाटून दिली. दोघेही खरे, दोघेही सरकारी. जाहिरातीत भांडण नको म्हणून व्हिक्टोरिनॉक्सने स्वतःला 'ओरिजिनल' म्हणायचं आणि वेंगरने 'जेन्युइन', असंही ठरवून घेतलेलं. आमच्या भाऊजींनी 'ओरिजिनल' शब्द कुठेतरी ऐकला होता तो हा.

मग वेंगर बंद का झाला? ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानात चाकू न्यायला बंदी आली, एअरपोर्टच्या दुकानांतून जो प्रचंड खप होता तो एका रात्रीत कोसळला. दोघांनाही फटका बसला, धाकट्याला पेलला नाही. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली, आणि २०१३ मध्ये जाहीर केलं की चाकूंवर वेंगर नाव येणार नाही, ते घड्याळं आणि बॅगांपुरतं राहील. काही मॉडेल 'देलेमाँ कलेक्शन' म्हणून व्हिक्टोरिनॉक्सच्या नावाखाली पुढे चालू ठेवली. हे मी भाऊजींना सांगितलं तर त्यांचं उत्तर काय, "शेवटी व्हिक्टोरिनॉक्सनेच विकत घेतली ना? मग मी काय चुकीचं बोललो?" आता या माणसाशी काय बोलणार.

ओळखायचं कसं ते दोन ओळीत सांगतो. वेंगरच्या क्रॉसभोवती गोल कोपऱ्याचा चौकोन असतो, ढाल असली तर व्हिक्टोरिनॉक्स. नेहमीच्या वेंगरची लांबी मिटलेला असताना ८५ मिमी, व्हिक्टोरिनॉक्सचा तसाच चाकू ९१ मिमी. कॅन ओपनर दोघांचे उलट दिशेने चालतात, तुमच्या हाताला ज्याची सवय त्याचा दुसरा नेहमी 'बिघडलेला' वाटतो, भाऊजींनी त्यावरूनही माझ्या नंतरच्या एका वेंगरला नावं ठेवली होती. आणि पात्याच्या बुडाशी काय कोरलंय ते भिंगाने वाचा. ते कोरलेलं पुसट झालं असेल तर चालेल, पण घासू नका.

यावर जरा जास्त बोलतो कारण लोक इथेच माती खातात. जुना चाकू मिळाला की पहिलं काम काय करतात, सायकलवर चाक घेऊन येतो त्या धारवाल्याला देतात. ठिणग्या उडतात, छान वाटतं, आणि पात्याचं अर्धं आयुष्य दोन मिनिटांत जातं, वर ते कोरलेलं नावही. कोमट पाणी, साबण, जुना टूथब्रश, सगळी पाती उघडून नीट वाळवायचं आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. बस. चकचकीत करायचा मोह होईल, आवरा.

बंद पडलं म्हणजे माल वाईट होता असं समजणारे लोक मला कळत नाहीत. फ्रान्सच्या ओपिनेलने लाकडी मुठीच्या चाकूचे १ ते १२ नंबर काढले होते, त्यातले १ आणि ११ १९३५ मध्ये बंद केले, कारण एक फारच चिमुकला आणि दुसरा १० आणि १२ च्या मधे उगाच. वाईट नव्हते. अमेरिकेतली श्रेड ही चाकूंची कंपनी २००४ मध्ये एका झटक्यात बंद पडली, आजोबा-वडील-मुलगा असे वापरलेले चाकू होते ते. त्याच वर्षी तिथल्याच लेदरमन कंपनीने पीएसटी नावाचा आपला पहिला पक्कडवाला चाकू बंद केला, १९८३ पासून चालू होता, आणि आजही ज्याच्याकडे आहे तो सोडत नाही. आणि इतकं लांब कशाला जायचं, आमच्या गुजरातेत कच्छमधल्या अंजारचे सुडी-चप्पू घ्या, सुडी म्हणजे अडकित्ता. पितळी मुठीचा अंजारचा चप्पू माझ्या आजीकडे होता, कैरीच्या फोडी त्यानेच. ते अजून बनतात पण जमवणारा एक माणूस दाखवा. सगळ्यांना स्विस पाहिजे. मलाही, कबूल आहे.

आता किंमत. लाखात जाणार नाही, तशी स्वप्नं बघू नका, हे चाकू ढिगाने निघालेत. भाव येतो तो अवस्थेला, टूथपिक आणि चिमटा जागेवर आहेत का, पाती घासून बारीक झालीत का, मूळ डबी आहे का, यावर. जुनं कोरीव नाव असेल तर जमवणारा जरा जास्त देईल. पण तुम्ही पेटीत कसा सापडला ते लिहिलंय, मखमली कापडात गुंडाळलेला, म्हणजे आजोबांनी जपलेला. माझं मत विचाराल तर विकू नका, आणि विकायचाच तर बदल्यात दुसरा चाकू अजिबात घेऊ नका. माझ्याकडे आता चौदा वेंगर आहेत. सौ. म्हणते एकाच चाकूचे चौदा फोटो काढल्यासारखे दिसतात. बरोबर आहे तिचं. कोपऱ्यात अरल्डाइट असलेला अजून कुठे दिसला नाही, जुन्या बाजारात गेलो की अजून आधी कोपरेच बघतो.

एक-दोन गोष्टी राहिल्या. हत्यारांच्या कायद्यात परवान्याची भानगड येते ती नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला, तुमचा खिशातला त्यात येत नाही, पण शहरात कमिशनरचा जाहीरनामा लागला असेल, मिरवणूक वगैरे असेल तर घरीच ठेवा, हवालदार काही मिलिमीटर मोजत बसत नाही. आणि विमानात हातातल्या बॅगेत नेऊ नका. मी गेल्या वर्षी विसरलो, एक्सरे मशीनपाशी टोपलीत टाकून पुढे जावं लागलं. तो व्हिक्टोरिनॉक्स होता, भाऊजींनीच दिलेला, त्यामुळे फार काही वाटलं नाही.