ग्रँडमास्टरला महंत म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : टेम्पलर या मध्ययुगातल्या ख्रिस्ती लढवय्या साधूंच्या पंथाचा शेवटचा प्रमुख, म्हणजे 'ग्रँडमास्टर', जाक द मोले याच्यावर मराठीत लिहायचंय, पण 'ग्रँडमास्टर' म्हटलं की वाचकापुढे बुद्धिबळाचा पट उभा राहतो. मग 'सरसेनापती' चालेल का?

माझं उत्तर : नको. टेम्पलरांकडे फौजेचं बघायला 'मार्शल' नावाचा वेगळा अधिकारी असे. सरसेनापती म्हणायचंच तर त्याला म्हणा. ग्रँडमास्टर त्याच्याही वरचा, पण सर्वेसर्वा नव्हे. जमीन विकणं, युद्ध पुकारणं असल्या बाबतींत त्याला पंथातल्या बंधूंच्या सभेचा कौल घ्यावा लागे. शिवाय तो व्रतस्थ. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रतं मोलेने १२६५ मध्ये फ्रान्समधल्या बोन गावी घेतली. १२९१ मध्ये पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचं ख्रिस्ती फौजांचं आक्रा शहर पडलं, पंथाचं ठाणं सायप्रसला हललं आणि पुढच्या वर्षी तिथे त्याची निवड झाली. व्रत, मठ, शिष्यशाखा आणि हाती तलवार, हे सगळं सरसेनापतीत कुठे बसणार?

'मठाधिपती'त व्रत येतं, तलवार सुटते. मला 'महंत' जवळचा वाटतो. महानुभावांचे आणि रामदासींचे महंत आपल्या ओळखीचे आहेत, आणि उत्तरेकडच्या आखाड्यांचे महंत तर शस्त्रधारी नागा साधूंचे. ख्रिस्ती माणसाला महंत कसं म्हणायचं, असं कोणी विचारेलच. पण 'टेम्पलर' या नावातच देऊळ आहे, जेरुसलेमचं सॉलोमनचं देऊळ! पहिल्या उल्लेखात 'ग्रँडमास्टर, म्हणजे पंथाचा महंत' असं लिहावं आणि पुढे खुशाल 'महंत' चालवावं.

आता न विचारलेलं एक. 'नाइट'ला 'सरदार' करू नका. सरदाराला जहागीर असते, टेम्पलरच्या नावावर काहीच नसे. १३०७ च्या १३ ऑक्टोबरला राजा चौथ्या फिलिपने पाखंडाच्या आरोपाखाली फ्रान्सभर टेम्पलरांची धरपकड केली. त्यात सापडलेला मोले १३०९ मध्ये पोपच्या चौकशी आयोगापुढे म्हणाला की मी एक गरीब, अक्षरज्ञान नसलेला नाइट आहे. इथे 'गरीब, निरक्षर सरदार' असं भाषांतर वाचलं तर हसूच येईल. नोंदीतला मूळ शब्द 'इल्लितेरातुस', आणि त्या काळच्या लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बहुधा लॅटिन न येणारा. आपल्याकडे संस्कृत न येणाऱ्याला शास्त्री-पंडितांनी अडाणी ठरवावं, तसं. म्हणून 'गरीब, न शिकलेला लढवय्या' इतकंच पुरे. १३१४ च्या मार्चमध्ये त्याने आधीचा कबुलीजबाब फिरवला आणि पॅरिसला सेन नदीतल्या बेटावर त्याला जिवंत जाळलं.

'मास्टर'चं मूळ लॅटिन 'मागिस्तेर', आणि जुन्या कागदांत या पदाला बहुतेक वेळा नुसतं तेवढंच म्हटलेलं असतं. त्याचंच पोर्तुगीज रूप 'मेस्त्रे'. पोर्तुगालमध्ये टेम्पलरांची मालमत्ता १३१९ मध्ये नव्या 'ख्रिस्ताच्या पंथा'कडे गेली आणि त्याचा प्रमुखही मेस्त्रेच. हाच शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि करवत-रंधा घेऊन 'मेस्त्री' झाला. तेव्हा कोणी अगदी शब्दशः भाषांतराचा हट्ट धरलाच, तर जाक द मोले टेम्पलरांचा थोरला मेस्त्री.